नवीन क्लच प्लेट टाकली तरी रिव्हर्स कर्र करतो: गिअरबॉक्स उतरवण्याआधी लोअर सिलेंडरचा दांडा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००४ ची टोयोटा क्वालिस, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला नेहमीची ये-जा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की ती पकड सोडवणारं) नवीन टाकलं, वरच्या मास्टर सिलेंडरचं रबर किटही बदललं. सुरुवातीला गाडी उत्तम चालली. आता सकाळी पहिल्यांदा दाबलं की पेडल जवळजवळ खाली टेकतं, रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो, आणि पेडल दोन-तीनदा मारलं की गिअर गुपचूप पडतो. क्लचच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल (क्लचही त्याच ऑइलवर चालतो) थोडं खाली गेलंय, पण जमिनीवर थेंब नाही. एक मेकॅनिक म्हणतो, नवीन प्लेट आहे, आपोआप सेट होईल. दुसरा म्हणतो, गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल.

माझ्या मते आत्ता दोघांचंही ऐकू नका.

नवीन प्लेट बसायला थोडे किलोमीटर लागतात हे खरं आहे. पण तो विषय क्लच पकडण्याचा. प्लेटचा आणि फ्लायव्हीलचा (इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक) पृष्ठभाग एकमेकांना जुळला की गाडी उचलताना येणारी थरथर कमी होते. क्लच सुटण्याशी त्याचा संबंध नाही. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स कर्र करतोय, म्हणजे प्लेट पूर्ण सुटत नाहीये आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतोय. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी कडी) नसतो, त्यामुळे प्रत्येक ‘कर्र’ला दातांच्या कडा थोड्या थोड्या झडतात. ‘सेट होईल’ म्हणत महिना काढलात तर क्लचचं काम गिअरबॉक्सच्या कामावर जाईल. दुरुस्ती होईपर्यंत रिव्हर्स टाकायच्या आधी पेडल दोनदा मारून तसंच दाबून धरा, आधी पुढचा एखादा गिअर टाका, म्हणजे त्याचा सिंक्रो शाफ्टला थांबवेल, आणि मग लगेच रिव्हर्सला या. हा तात्पुरता बचाव आहे, पण दात वाचतात.

आता गिअरबॉक्स का उतरवायचा नाही, ते सांगतो. पेडल पुन्हा पुन्हा मारल्यावर तुमचा क्लच सुधारतो. प्लेट वाकलेली असेल, उलटी बसली असेल, बेअरिंग अडकत असेल, तर एकदा दाबा नाहीतर दहादा दाबा, फरक पडत नाही. पंप मारल्यावर फरक पडतो तो ऑइलच्या बाजूला: सिस्टिममध्ये हवा आहे, किंवा कुठलं तरी रबर ऑइल मागे सोडतंय. त्यात बाटलीची पातळी खाली गेलीय. पातळी गेली म्हणजे ऑइल कुठेतरी गेलं. ते कुठे गेलं असावं याचा माझा अंदाज पक्का आहे, पण आधी मोजमाप करा. अंदाजावर पार्ट बदलत गेलं की पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल वरच्या मास्टर सिलेंडरचा पिस्टन ढकलतं, ऑइल पाइपातून खाली येतं, गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेल्या लोअर म्हणजे स्लेव्ह सिलेंडरचा पिस्टन बाहेर येतो आणि त्याचा दांडा फोर्क (रिलीज बेअरिंग सरकवणारा काटा) ढकलतो. यात किती कमी ऑइल हलतं याची कल्पना बऱ्याच जणांना नसते. समजा मास्टरचा बोअर, म्हणजे आतली गोल पोकळी, १६ मिमी, त्याच्या पिस्टनची चाल २५ मिमी, आणि स्लेव्हचा बोअर २० मिमी आहे. एका दाबात जेमतेम ५ मिलिलिटर ऑइल सरकतं आणि खालचा दांडा सुमारे १६ मिमी बाहेर येतो. आता त्या वाटेत फक्त १ मिलिलिटर हवा अडकली आहे असं धरा. दाब आला की ऑइल दबत नाही, हवा दबते, आणि दांड्याची ३ मिमीहून जास्त चाल तिथेच गिळली जाते. चहाचा लहान चमचा ५ मिलिलिटरचा असतो. त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी हवा रिव्हर्स कर्र करायला पुरते. ब्रेकमध्ये थोडी हवा राहिली तर पेडल मऊ लागतं, तरी गाडी थांबते. क्लचला तेवढी सवलत नाही, कारण प्रेशर प्लेट सुटायला दांडा शेवटपर्यंत यावाच लागतो.

म्हणून पहिलं काम: दांडा मोजा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. एक माणूस सीटवर, तुम्ही खाली. फोर्कला दांडा जिथे टेकतो तिथे स्टीलची पट्टी धरा आणि वरच्या माणसाला पेडल सावकाश पूर्ण दाबायला सांगा. बोटं फोर्कच्या मध्ये घालू नका. पहिल्या दाबाची चाल लिहून घ्या, मग पेडल चार वेळा मारून पुन्हा मोजा. अशा बाहेरच्या स्लेव्हच्या गाड्यांत साधारण १२ ते १५ मिमी चाल दिसायला हवी. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. पहिल्या दाबाला ८-९ आणि पंप मारल्यावर १३ दिसले, तर दोष ऑइलच्या बाजूला आहे यात शंका उरत नाही. पहिल्याच दाबाला पूर्ण १४-१५ येत असतील आणि तरी गिअर कर्र करत असेल, तेव्हाच दोष बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं तोंड) आत शोधायचा. दहा मिनिटांचं हे मोजमाप न करता गिअरबॉक्स खाली घ्यायला कुणी सांगितलं, तर त्याला आधी आकडा विचारा.

लगेच दुसरी चाचणीही करून घ्या. पेडल पूर्ण दाबून दोन मिनिटं धरून ठेवायला सांगा आणि खाली दांड्याकडे बघत राहा. पेडल जमिनीला टेकलेलंच आहे आणि दांडा हळूहळू मागे सरकतोय, तर ऑइल कुठून तरी निसटतंय. बाहेर ओल नसेल तर मास्टरचा पुढचा रबर कप ऑइल परत बाटलीकडे सोडतोय. बाटलीचं झाकण उघडूनही हे बघता येतं. पेडल दाबायला सुरुवात करताना एक बारीक उसळी दिसते, ती नॉर्मल आहे. पेडल खाली धरलेलं असतानाही ऑइलमध्ये हालचाल चालू राहिली तर कप गेला.

आता माझा संशय सांगतो. लोअर सिलेंडरच्या तोंडावरचं रबरी डस्ट कव्हर बोटाने थोडं मागे सरकवा. आत ओल किंवा काळपट चिकट ऑइल दिसलं तर तुमचं हरवलेलं ऑइल सापडलं. जमिनीवर थेंब पडत नाही कारण ते कव्हर थोडं थोडं ऑइल धरून ठेवतं. आणि नवीन क्लच टाकल्यानंतर काही दिवसांतच लोअर सिलेंडर गळायला लागणं हा योगायोग नाही. याचं कारण फार कमी जण ग्राहकाला समजावून सांगतात.

क्लच प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्यातल्या डायफ्राम स्प्रिंगची मधली बोटं (पट्ट्या) उलट गिअरबॉक्सच्या दिशेने बाहेर येतात. ती बेअरिंगला, फोर्कला आणि शेवटी स्लेव्हच्या पिस्टनला मागे, सिलेंडरच्या आत ढकलतात. म्हणजे झिजलेल्या प्लेटबरोबर तुमच्या स्लेव्हचा पिस्टन बराच काळ बोअरच्या आतल्या भागात काम करत होता. बाहेरच्या भागापर्यंत त्याचं रबर पोचतच नव्हतं. तिथे डस्ट कव्हरमधून येणारी धूळ आणि ओल बसून बोअरला गंज चढला. नवीन जाड प्लेट बसली, बोटं परत फ्लायव्हीलकडे गेली, आणि पिस्टनची बसायची जागा बाहेर सरकली. आता प्रत्येक दाबाला तेच जुनं रबर त्या खरखरीत भागावर घासतंय. सुरुवातीचे दिवस ते टिकतं, मग कपाची कड फाटते. दाबताना ऑइल बाहेर येतं, पेडल सोडताना त्याच वाटेने हवा आत जाते. रात्रभर उभ्या गाडीत हवा वाढते, म्हणून सकाळचा पहिला दाब सगळ्यात वाईट. तुमची सगळी लक्षणं यात बसतात.

त्यात कोकणातली हवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. कोरड्या (पाणी न शोषलेल्या) डॉट ३ चा, म्हणजे त्या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा, उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्याचा १४० पर्यंत आला तरी मानक त्याला पास करतं. तेच पाणी बोअरला आतून गंजवतं. घाट चढून इंजिनाखालची हवा तापली की असलेले बुडबुडे फुगतात आणि क्लच आणखी बिघडतो. बाटलीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर ते वाट बघण्यासारखं राहिलेलं नाही. चिपळूणच्या दमटपणात मी ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायला सांगतो.

लोअर सिलेंडर उघडला की बोअर स्वच्छ पुसून आत नखाने चाचपा. नख कुठे अडकलं तर नवीन किट टाकून उपयोग नाही, ते किट पण तसंच फाटेल. अशा वेळी अख्खा सिलेंडर बदला. बोअर गुळगुळीत असेल तर किट चालतं. हाच नियम मास्टरलाही. तुमच्या मास्टरमध्ये नुसतं किट टाकलंय, तेव्हा टाकण्याआधी बोअर कुणी बघितला होता का, हे विचारा.

एक गोष्ट मात्र समोर उभं राहून बघा. गॅरेजमध्ये पार्ट धुवायचं डिझेलचं किंवा रॉकेलचं तसराळं असतं. गिअरबॉक्सचे पार्ट त्यात धुवायला हरकत नाही. पण ब्रेक आणि क्लचच्या सिलेंडरचं रबर ब्रेक ऑइलसाठी बनलेलं असतं. त्याला डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की ते फुगतं. फुगलेला कप बोअरमध्ये अडकतो, ऑइलचं बाटलीकडे परतीचं बारीक भोक बंद करतो, आणि दोन आठवड्यांनी मालकाला वाटतं किट खराब निघालं. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट वापरा आणि बसवताना रबराला फक्त ताजं ब्रेक ऑइल लावा. बाटलीत पातळी कमी दिसली म्हणून कुणी घाईत स्टिअरिंग ऑइल ओतलं असेल, तर मात्र सगळी रबरं आणि होज पाइपसुद्धा बदलावा लागतो. झाकणावर डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं. सिलिकॉनवालं डॉट ५ त्यात कधीच नाही.

आता हवा काढण्याबद्दल. निम्म्या तक्रारी इथे अडतात. आपल्याकडे ब्रेकची सवय असल्यामुळे ‘मार, मार, मार, धर’ अशी पद्धत पडलीय. क्लचमध्ये भराभर पंप मारला की हवेचा एक मोठा बुडबुडा फुटून शेकडो बारीक बुडबुडे होतात आणि ते पाइपात लटकून राहतात. सावकाश काम करा. लोअरच्या निपलला (हवा काढायचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडल हळू खाली, मग निपल अर्धा फेरा उघडा, ऑइल आलं की बंद करा, आणि त्यानंतरच पेडल हळू वर. दोन-तीन सेकंद थांबून पुढचा दाब. वरची बाटली मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून एका माणसाची नजर सतत तिच्यावर हवी. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो.

एवढं करूनही पेडल खालीच राहिलं, तर हवा बहुधा अशा जागी आहे जिथून ती निपलपर्यंत येऊच शकत नाही. मास्टर सिलेंडर पुढच्या टोकाला किंचित वर तिरपा असेल तर हवेचा बुडबुडा तिथेच, पाइपाच्या जोडाशी बसतो. खालून कितीही ऑइल काढा, तो हलत नाही. त्यासाठी पेडल दाबून धरायचं, मास्टरचा पाइप नट पाव फेरा सैल करायचा, हवा फुसफुसून गेली की आवळायचा. खाली कापड धरा. दुसरी अडचणीची जागा लोअर सिलेंडर. हवा निघायची तर निपल सिलेंडरच्या वरच्या बाजूला असायला हवा. काही सिलेंडरांना दोन सारखीच भोकं असतात, आणि निपल खाली, होज वर असं उलटं बसवलं की हवा जन्मात निघत नाही.

मला स्वतःला सगळ्यात खात्रीची वाटते ती पद्धत अशी. लोअरचे बोल्ट काढा, होज जोडलेलाच ठेवा. सिलेंडर हातात धरून निपल बंद ठेवा, होजचं तोंड सगळ्यात वर येईल असा तिरपा करा, आणि दांडा अंगठ्याने सावकाश आत दाबत जा. बुडबुडे पाइपातून वर चढून बाटलीत फुटताना दिसतील. सोडताना पण सावकाश. असं चार-सहा वेळा करा, बुडबुडे थांबले की परत बसवा. सिलेंडर सुटा असताना पेडलला कुणी पाय लावता कामा नये, नाहीतर पिस्टन उडून बाहेर येईल. खरं तर गिअरबॉक्स उतरवताना लोअर बाजूला लटकवून ठेवलेला असतो, तेव्हा कुणी नकळत पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकून कप त्या गंजलेल्या भागात जातो. गळतीची सुरुवात कधीकधी तिथेच होते.

व्हॅक्यूम पंपाने हवा ओढणाऱ्यांसाठी: निपल सैल केला की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नळीत बुडबुडे कधीच संपत नाहीत. ते बघून सिस्टिममध्ये हवा आहे असा निष्कर्ष काढू नका.

मास्टरचं काम झालंय म्हणून पेडलची बाजूही तपासा. पेडल हाताने हलकं दाबा. सुरुवातीला थोडी रिकामी, बिनवजनाची हालचाल लागली पाहिजे. मास्टरच्या दांड्याला साधारण एक मिलिमीटर, पेडलला ५ ते १५ मिमी. ती अजिबात नसेल तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं भोक झाकलेलं राहतं, आणि गाडी तापली की दाब अडकून क्लच घसरायला लागतो. तेव्हा निपल क्षणभर उघडून दाब सोडला की क्लच पुन्हा पकडतो, ही त्याची खूण. जुना होज आतून सुजून बंद झाला तरी हेच होतं. रिकामी हालचाल जास्त असेल तर उलट त्रास: पेडलची चाल वाया जाते आणि खाली दांडा कमी येतो. पेडलला मास्टरचा दांडा जोडणारी पिन काढून बघा. वीस वर्षांच्या गाडीत ती पिन एका बाजूने चंद्रकोरीसारखी खाल्लेली आणि पेडलचं भोक अंडाकृती झालेलं असतं. पेडल पाचपट-सहापट लीव्हर असल्यामुळे तिथला एक मिलिमीटर ढिलेपणा पायाशी पाच-सहा मिलिमीटर होतो. पिन स्वस्त आहे, बदलून टाका. तिथेच हात घातला आहे तर मास्टरच्या मागच्या तोंडाला ओल लागते का तेही बघा. मास्टर तिथून गळला तर ऑइल पेडलवरून आत मॅटखाली जातं, तेही जमिनीवर दिसत नाही.

हे सगळं केल्यावर पहिल्याच दाबाला पूर्ण चाल मिळाली आणि रिव्हर्स शांत पडला, तर काम संपलं. बहुधा इथेच संपेल.

(नव्या बऱ्याच गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसून बेलहाउसिंगच्या आत, रिलीज बेअरिंगला जोडूनच गोल बसवलेला असतो. त्या गाड्यांत दांडा मोजता येत नाही. तिथे बेलहाउसिंगच्या खालच्या भोकातून येणाऱ्या थेंबाचा वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, ब्रेक ऑइलला नसतो. अशा गाडीत क्लच प्लेटबरोबर तो सिलेंडर नवाच टाकायचा, जुना परत बसवायचा नाही.)

पण चाल पूर्ण आहे आणि तरी कर्र होतंय, तर गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणा. खाली आल्यावर मेकॅनिकला काय बघायला सांगायचं, तेही ठरवून घ्या. प्लेट योग्य बाजूने बसलीय का; तिच्यावर बाजू लिहिलेली असते, आणि उलटी बसली तर तिचा हब (मधला भाग) फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासून चकचकीत रेषा पाडतो. फोर्क त्याच्या गोल टेकूवरून निसटलाय का. फ्लायव्हीलमधलं स्पायगॉट बेअरिंग (ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं ते) बोटाने मोकळं फिरतंय का. ते जाम असेल तर प्लेट सुटूनही शाफ्ट इंजिनबरोबर फिरत राहतो. प्लेट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) हाताने सहज सरकते का. फ्लायव्हील लेथवर घासलं असेल तर किती घासलं, आणि जुनी व नवी प्रेशर प्लेट शेजारी ठेवून बोटांची उंची सारखी दिसते का.

आणि नवी प्लेट हातावर फिरवून ती वाकलीय का ते नक्की बघा. रस्त्याकाठच्या गॅरेजमध्ये दोन माणसं गिअरबॉक्स हाताने उचलून शाफ्ट प्लेटमध्ये घालतात, आणि बोल्ट सापडेपर्यंत सगळं वजन त्या शाफ्टवर, म्हणजे प्लेटच्या हबवर लटकतं. कोरी प्लेट तेवढ्याने वाकते, आणि एक मिलिमीटरचा वाकही क्लच सुटू देत नाही. म्हणून परत चढवताना गिअरबॉक्सखाली जॅक लावायला सांगा, आणि बेलहाउसिंगचे बोल्ट चारी बाजूंनी आवळून होईपर्यंत तो काढू देऊ नका.